हिमनद्या वितळताहेत, मग एप्रिलमध्ये पाण्यावरून भांडणं का?

प्रश्न असा आहे: हिमालयातल्या हिमनद्या वितळताहेत असं सतत वाचतो, म्हणजे तिथल्या नद्यांचं पाणी वाढायला हवं. तरी पंजाब आणि हरियाणा उन्हाळ्यात पाण्यावरून का भांडतात? आणि सह्याद्रीतल्या नद्यांना बर्फाचं पाणी येतच नाही, तर साताऱ्याच्या माणसाने याची काळजी का करावी?

धरणात किती पाणी येणार याचा आगाऊ अंदाज बांधणं हे माझं काम. त्यातला बराच काळ सतलज आणि बियासच्या खोऱ्यांत गेला, म्हणून उत्तर याच नद्यांच्या आधाराने देतो. सगळ्या हिमालयाला लागू होईल असं एक वाक्य माझ्याकडे नाही. असं वाक्य कोणी ऐकवलं, तर आधी विचारावं, की कोणती नदी, तिच्यावरचं कोणतं ठिकाण आणि कोणता महिना.

२०२५ सालचंच बघा. एप्रिल संपता संपता सतलजवरच्या भाक्रा धरणाच्या पाण्यावरून पंजाब-हरियाणात जुंपली. हरियाणाला ४,००० क्युसेकने पाणी सुटत होतं, त्यांची मागणी ८,५०० क्युसेकची होती. भाक्रा-बियास व्यवस्थापन मंडळाने मागणी मान्य केली, पंजाबने ती धुडकावली, नांगल धरणावर पोलीस बसले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्यानंतर चारच महिन्यांनी, ऑगस्टअखेरीस, त्याच पंजाबात १९८८ नंतरचा सर्वांत मोठा पूर आला. बियासवरच्या पोंग धरणाची पातळी १,३९० फुटांची मर्यादा ओलांडून गेली. रावीवरच्या माधोपूर बंधाऱ्याचे दरवाजे पाण्याच्या लोंढ्यात गेले. वर्षाच्या एकूण बेरजेत यातलं काहीच दिसणार नाही. एप्रिलची ओढ आणि ऑगस्टचा लोंढा एकमेकांत मिसळून आकडा साधारणच दिसेल.

एप्रिल-मेच का, हे कळायला भाक्राचं कॅलेंडर माहीत हवं. तिथलं पाणीवर्ष २१ मे रोजी सुरू होतं. २१ मे ते २० सप्टेंबर धरण भरायचं आणि २१ सप्टेंबर ते पुढच्या वर्षीच्या २० मेपर्यंत ते वापरायचं. आपल्याकडे १५ ऑक्टोबरला धरणातला साठा बघून रब्बी-उन्हाळी आवर्तनं ठरतात, तसंच हे. फक्त त्यांचा आधार बर्फ आहे. डिसेंबर ते मार्च भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात डोंगरावर बर्फ टाकतात. एप्रिलपासून ते खालून वर वितळत जातं. मे-जूनमध्ये नदी फुगते, आणि खालच्या मैदानात पाऊस पडण्याच्या आधीच धरणात पाणी चढायला लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये उंचावरच्या हिमनद्यांचं पाणी आणि मान्सूनचा पाऊस हे दोन्ही येतात. म्हणजे २०२५ चं ते भांडण झालं ते पाणीवर्षाच्या अगदी शेवटच्या तीन आठवड्यांत, जुना साठा संपत आलेला आणि नव्याचा भरवसा नाही अशा वेळी.

या नदीचं बर्फावर किती चालतं? रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेतल्या अभ्यासांनुसार भाक्राला येणाऱ्या वर्षभराच्या पाण्यापैकी सरासरी ५९ टक्के बर्फ आणि हिमनद्यांचं असतं. चिनाबचं अखनूरपाशी ते ४९ टक्के, गंगेचं देवप्रयागपाशी २९ टक्क्यांच्या आसपास. गंगा देवप्रयागहून पुढे पाटण्याला जाईपर्यंत तिच्यात इतकं पावसाचं पाणी मिसळतं, की वार्षिक हिशोबात हिमनदीचा वाटा नगण्य होतो. ‘गंगोत्री आटली तर गंगा आटेल’ हे वाक्य त्यामुळेच मला पटत नाही. सिंधू मात्र वेगळी. तिच्या वरच्या खोऱ्यातल्या प्रवाहात सुमारे ४० टक्के पाणी एकट्या हिमनद्यांचं आहे, असं २०१४ सालच्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं होतं. गंगेच्या वरच्या खोऱ्यात तोच आकडा ११-१२ टक्क्यांचा निघाला.

आता प्रश्नाच्या पहिल्या भागाकडे. बर्फ आणि हिमनदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या हिवाळ्यात पडलेलं आणि उन्हाळ्यात वितळणारं हंगामी बर्फ म्हणजे या साली पिकलेलं धान्य. हिमनदी म्हणजे कणगीतलं जुनं धान्य. पीक बुडालं तर कणगी तारते, दुष्काळी सालातलं तिचं मोल तेच. सध्या चाललंय काय, की दरवर्षी पीक खाऊन वर कणगीलाही हात घालतो आहोत. त्यामुळे काही वर्षं घरात धान्य मुबलक दिसतं. हिमनदीच्या तोंडाशी मोजलं तर प्रवाह खरोखर वाढलेला दिसू शकतो. तुमचा तर्क इथपर्यंत बरोबर आहे.

पण ही वाढ कायमची नाही. हिमनदी आकसत जाते तसं वितळायला क्षेत्रच कमी उरतं, प्रवाह शिखर गाठून उतरायला लागतो. हिमालयातल्या मोठ्या खोऱ्यांसाठी हे शिखर या शतकाच्या मध्याच्या आसपास किंवा त्यानंतर येईल असं बहुतेक प्रारूपं सांगतात. लहान हिमनद्यांवर चालणाऱ्या ओढ्यांचं शिखर त्याआधीच येतं. लाहौलमधल्या छोटा शिग्री या हिमनदीचं वस्तुमान २००२ पासून दरवर्षी मोजलं जातं. तिच्या खात्यात बहुतेक वर्षी तूटच आहे. याउलट काराकोरममधल्या कित्येक हिमनद्या अनेक दशकं स्थिर राहिल्या, काही पुढेही सरकल्या. २०३५ पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या नाहीशा होतील, हे २००७ सालच्या आंतरराष्ट्रीय अहवालातलं विधान चुकीचं होतं आणि जानेवारी २०१० मध्ये ते मागे घ्यावं लागलं. त्या प्रकरणाने या विषयाचं इतकं नुकसान केलं, की पुढची काही वर्षं खरे आकडे सांगितले तरी लोक हसायचे. काठमांडूच्या इसिमोड या संस्थेचा २०१९ चा अंदाज असा, की जगाची तापमानवाढ १.५ अंशांवर थोपवली तरी शतकाअखेरीस या पर्वतरांगांमधला एक तृतीयांश हिमनदीबर्फ जाईल. ही गोष्टही पुरेशी गंभीर आहे, त्यासाठी २०३५ ची गरज नाही.

माझी स्वतःची काळजी मात्र कणगीपेक्षा पिकाची जास्त आहे. नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात हिंदुकुश-हिमालयात जमिनीवर बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होतं. इसिमोडच्या नोंदींत ते २३ वर्षांतलं सर्वांत कमी, आणि सरासरीपेक्षा कमी बर्फाचं ते लागोपाठ तिसरं वर्ष. एप्रिल २०२५ मध्ये पंजाब-हरियाणाचं जे झालं, त्यामागे राजकारण होतंच, पण आधीच्या हिवाळ्याची ही नोंदही होती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भूविज्ञान मंत्रालयासाठी २०२० साली जो अहवाल तयार केला, त्यात १९५१ ते २०१४ या काळात हिंदुकुश-हिमालयाचं तापमान सुमारे १.३ अंशांनी वाढल्याचं नमूद आहे. तापमान वाढलं की जिथे बर्फ पडायचं तिथे पाऊस पडतो, आणि जे पडतं ते लवकर वितळतं.

लवकर वितळण्याने कोणाचं काय बिघडतं, हे मात्र सरसकट सांगता येत नाही. भाक्रासारख्या मोठ्या धरणाला तीन आठवडे लवकर आलेलं पाणी पचवता येतं. मार्च-एप्रिलमध्ये धरण रिकामं होत असतं, जागा असते, पाणी कुठे जात नाही. स्पितीतल्या शेतकऱ्याला ते पचवता येत नाही. त्याचं कूल्ह, म्हणजे ओढ्यातून शेतापर्यंत आणलेला पाट, पेरणीच्या वेळी वाहता असायला हवा. पाणी मार्चमध्ये वाहून गेलं, जमीन अजून गोठलेली, आणि मे-जूनमध्ये वाटाण्याला पाणी नाही, हे त्याचं दुखणं. लडाखमध्ये हिवाळ्यात वाहून जाणारं पाणी गोठवून बर्फाचे मनोरे उभे करतात, ते याच दोन महिन्यांची खिंड लढवायला. बिनसाठ्याच्या जलविद्युत प्रकल्पांचंही तसंच. साठाच नाही, तर आलं पाणी आलं, गेलं ते गेलं.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं त्या मुद्द्यावर येतो. वर्तमानपत्रांत तो कुठे दिसत नाही.

बर्फ हे आधी सांगून येणारं पाणी आहे. मार्च संपताना डोंगरावर ते पडलेलं असतं, दिसतं, मोजता येतं. उपग्रहाच्या चित्रांवरून किती क्षेत्र बर्फाखाली आहे ते कळतं. काही जागी त्याची जाडी आणि त्यात दडलेलं पाणी मोजलेलं असतं. त्यावरून एप्रिल ते जूनमध्ये किती आवक येईल हे दोन-तीन महिने आधी बऱ्यापैकी सांगता येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने सतलजसाठी असे अंदाज १९८० च्या दशकातच द्यायला सुरुवात केली होती. अंदाज थोडाफार चुकतो, पण त्यावर कालव्यांचं वेळापत्रक, वीजनिर्मिती आणि भाताची लागवड यांची आखणी करता येते. पावसाचं तसं नाही. मुसळधार पावसाचा भरवशाचा इशारा तीन ते पाच दिवस आधी मिळतो. तोही ‘या जिल्ह्यात’ एवढाच, ‘या ओढ्याच्या पाणलोटात’ असा नाही. आणि डोंगरात पडलेलं पाणी धरणाच्या तोंडाशी काही तासांत येऊन उभं राहतं.

म्हणून बर्फाच्या जागी पाऊस आला, तर वर्षाचा एकूण येवा, म्हणजे नदीला येणारं पाणी, तोच राहूनही धरण चालवणाऱ्याच्या हातातून मोठी गोष्ट गेलेली असते. तीन महिन्यांची मुदत जाऊन त्याला तीन दिवसांची मिळते.

याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. हिवाळा कोरडा गेला, मे-जूनमध्ये पाणी चढलं नाही, की जुलैत धरण अर्धंमुर्धं असतं. मग प्रत्येक भागीदार राज्याचं म्हणणं एकच, जे येतंय ते साठवा, थेंब सोडू नका. अभियंत्यालाही तेच बरं वाटतं, कारण सप्टेंबरमध्ये धरण रिकामं राहिलं तर शिव्या त्यालाच. ऑगस्टच्या मध्यापर्यंत धरण काठोकाठ येतं आणि पुरासाठी राखायची जागा संपलेली असते. त्याच सुमारास पश्चिमी झंझावात आणि मान्सून यांची गाठ पडली, की कठीण. जुलै २०२३ मध्ये बियासच्या खोऱ्यात अशीच गाठ पडली होती. २०२५ च्या पुराचं सगळं खापर धरणांवर फोडता येणार नाही, कारण त्या दिवसांत धरणांच्या खालच्या भागातही पाऊस भयंकर होता. पण पुरासाठी जागा राखायची की पुढच्या उन्हाळ्यासाठी पाणी, हा झगडा बर्फाचा भरवसा कमी होईल तसा दरवर्षी तीव्र होत जाणार. १९८८ च्या पुरानंतर भाक्राची कमाल पातळी १,६९० वरून १,६८० फुटांवर आणली गेली. असे निर्णय पुरानंतरच होतात, आणि दुष्काळ पडला की तेच निर्णय लोकांना डाचायला लागतात.

यात मोजमापाची अडचण आहेच. सतलजचं भाक्रापर्यंतचं पाणलोट क्षेत्र सुमारे ५७,००० चौरस किलोमीटर. त्यातला निम्म्याहून अधिक भाग तिबेटात आहे, तिथला पाऊस आणि बर्फ आपण उपग्रहातूनच काय ते पाहतो. आपल्या बाजूला बहुतेक पर्जन्यमापक दरीच्या तळाशी आहेत, कारण माणसं आणि रस्ते तिथे. बर्फ पडतं वर. शिवाय वाऱ्यात उडणारं बर्फ मापकात नीट पडत नाही, त्यामुळे नोंद नेहमी कमीच येते. नदीचा विसर्ग आपण थेट मोजत नाही. पातळी मोजतो आणि पातळी-विसर्गाच्या वक्रावरून, म्हणजे कोणत्या पातळीला किती पाणी वाहतं हे दाखवणाऱ्या आलेखावरून, विसर्ग काढतो. डोंगरी नदीचा तळ एका पुरात फूट-दोन फूट वरखाली होतो, की जुना वक्र निकामी. दर पावसाळ्यानंतर तो नव्याने काढावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला पैसे लागतात, आणि त्याचं उद्घाटन करायला मंत्री येत नाहीत. त्यात आणखी भर म्हणजे सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रा खोऱ्यांतली विसर्गाची आकडेवारी आपल्याकडे गोपनीय धरली जाते. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण मला समजतं. पण बाहेरचा अभ्यासक ती तपासू शकत नसल्याने दोन राज्यं दोन वेगळे आकडे घेऊन न्यायालयात उभी राहतात, आणि कोणाचा खरा हे सामान्य माणसाला कळायला मार्ग नसतो.

आकड्यांचं भांडण किती खोल आहे बघा. रावी-बियासचं वाटपयोग्य जादा पाणी १९५५ साली १५.८५ दशलक्ष एकर-फूट धरलं होतं. १९८१ च्या करारात नव्या कालखंडाचे प्रवाह धरून ते १७.१७ झालं. १९८७ साली इराडी न्यायाधिकरणाने १८.२८ सांगितलं. आता पंजाबचं म्हणणं, अलीकडच्या दशकांच्या प्रवाहावरून ते १३.३८ वर आलं आहे. आपल्याला टीएमसीची सवय, म्हणून सांगतो: एक दशलक्ष एकर-फूट म्हणजे ४३.५६ टीएमसी. १७.१७ आणि १३.३८ मधला फरक १६५ टीएमसी होतो, म्हणजे आपलं कोयना धरण दीड वेळा भरेल इतका. हरियाणाला हा आकडा मान्य नाही. हरियाणाला पाणी न्यायचा सतलज-यमुना जोडकालवा चार दशकं अडकलाय तो या आकड्यांपायीही. हा सगळा फरक हवामानबदलाचा आहे असं मी म्हणणार नाही. नदीचे ओले आणि कोरडे कालखंड नैसर्गिकरीत्याही येतात, मोजण्याच्या पद्धती बदलतात, वरच्या बाजूला वापर वाढतो. पण वीस-पंचवीस वर्षांच्या एका तुकड्यावरून काढलेली सरासरी कायमची मानून तिच्यावर कालवे खोदले, की पुढे काय होतं ते इथे दिसतं.

सिंधू जलकराराची गंमत अशी, की १९ सप्टेंबर १९६० च्या त्या करारात मुख्य वाटणी पाण्याच्या आकड्यांवर झालीच नाही. नद्याच वाटल्या. सतलज, बियास, रावी भारताला. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. त्यामुळे सतलजचं पाणी घटलं तर तो तोटा फक्त आपला, आणि वाढलं तर नफाही आपला. पाणी बदलत जाणार असेल, तर अशी वाटणी एका अर्थाने जास्त टिकाऊ ठरते, कारण तिच्यात चुकीची सरासरीच नाही. एप्रिल २०२५ पासून भारताने तो करार स्थगित ठेवला आहे. त्याच्या राजकारणात मी शिरत नाही. एवढंच सांगतो, की करार बाजूला ठेवल्याने भाक्रात एक घागरही जास्त आली नाही. चिनाबचं पाणी पूर्वेकडे वळवायचं तर बोगदे आणि साठे बांधावे लागतील, त्याला वर्षं लागतील, आणि त्या पाण्यातही अर्धा वाटा याच बर्फाचा आहे.

मग इतकी वर्षं पंजाबातलं शेत सुकलं का नाही? कारण तूट जमिनीखालून भरून निघत होती. पंजाबात भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या दीडशे टक्क्यांच्या वर आहे. नदी चुकली तरी कूपनलिका चुकत नाही, आणि शेतीला वीज फुकट. नदीतला बदल शेतकऱ्याला जाणवलाच नाही, कारण तो बदल भूजलाच्या खात्यावर चढत गेला. २००९ साली पंजाबने कायदा करून भाताची लावणी १० जूनच्या आधी करायची नाही असं ठरवलं, नंतर ती तारीख आणखी उशिराची केली. २०२५ मध्ये मात्र टप्प्याटप्प्याने १ जूनपासून लावणीची मुभा दिली. म्हणजे ज्या पंधरवड्यात बर्फाचं पाणी धरणात नुकतं चढायला लागलेलं असतं, त्याच पंधरवड्यात मागणी अलीकडे आणली गेली. माझ्या मते हे उफराटं झालं.

गाळाबद्दल थोडं, कारण धरणाच्या आयुष्याशी त्याचा संबंध आहे. हिमनदी मागे सरकते तेव्हा तिच्या पोटातली भुसभुशीत माती-दगड उघडे पडतात. त्यावर बर्फाऐवजी पाऊस पडला की ते सगळं नदीत येतं. सतलजवरचा १,५०० मेगावॅटचा नाथपा झाकरी प्रकल्प पावसाळ्यात गाळ वाढला की बंद ठेवावा लागतो, नाहीतर टर्बाइनची पाती घासून जातात. नदी दुथडी भरलेली आणि वीजघर बंद. हिमसरोवरं फुटण्याचा धोका हा आणखी वेगळा विषय. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं आणि तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं, एवढं उदाहरण पुरे.

आता साताऱ्याकडे. खरं तर बर्फाच्या बाबतीत सह्याद्री हिमालयाच्या पुढे आहे असं म्हणायला हरकत नाही. आधी सांगून येणारं पाणी आपल्याकडे कधी नव्हतंच. सगळा पाऊस चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने दोनच आधार: धरण आणि झरे. १५ ऑक्टोबरला धरणात जे आहे ते आहे. त्यामुळे हिमालयातल्या नद्या ज्या अवस्थेकडे निघाल्यात, त्या अवस्थेत धरण चालवण्याचा अनुभव कृष्णा-कोयनेच्या अभियंत्यांकडे पिढ्यान् पिढ्यांचा आहे. तरी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात गेलं, आणि त्याच आठवड्यांत मराठवाड्यात टँकर चालू होते. वर सांगितलेल्या २०२० च्या अहवालात आणखी एक नोंद आहे: १९५१ ते २०१५ या काळात देशातला मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि लक्षणीय घट झालेल्या भागांत गंगेच्या मैदानासोबत पश्चिम घाटाचं नाव आहे. पुण्याच्या त्याच हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या. एकूण कमी आणि कोसळताना जास्त, असा हा पाऊस आहे.

आकड्यांचा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने नदीचा येवा २,०६० टीएमसी धरला तो १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांच्या नोंदींवरून, ७५ टक्के विश्वासार्हतेने, म्हणजे चारांपैकी तीन वर्षं तरी इतकं पाणी मिळेल या हिशोबाने. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी आले. त्यानंतरच्या ब्रिजेशकुमार लवादाने २०१० साली १९६१-६२ ते २००७-०८ या ४७ वर्षांची मालिका घेतली, विश्वासार्हता ६५ टक्क्यांवर आणली, सरासरी येव्यापर्यंतच्या पाण्याचंही वाटप केलं आणि महाराष्ट्राला ६६६ टीएमसी दिले. कागदावर सगळ्यांचं पाणी वाढलं. पण विश्वासार्हता खाली आणली, म्हणजे ते वाढीव पाणी न येणाऱ्या वर्षांची संख्या वाढली. पाऊस दिवसेंदिवस लहरी होत असताना आपण कमी भरवशाच्या पाण्यावर योजना आखायला लागलो. आंध्र प्रदेशने याला आक्षेप घेतला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

धरणाच्या लाभक्षेत्रात नसलेल्या डोंगरी गावांना तर या कशाचाच उपयोग नाही. त्यांचं पाणी झऱ्याचं. हिमालयातही गावं-वाड्या मोठ्या नदीवर जगत नाहीत, नदी खाली दरीत हजार फुटांवर असते. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या अहवालाने म्हटलं, की भारतीय हिमालयातले जवळपास निम्मे बारमाही झरे आटलेत किंवा हंगामी झालेत. त्याच वर्षी मे-जूनमध्ये सिमल्याचं पाणी इतकं घटलं, की पर्यटकांना ‘येऊ नका’ सांगायची वेळ आली. आता तिथे सतलजमधून सुमारे दीड किलोमीटर उंच पाणी चढवण्याची योजना आहे. शहराला ते परवडेल, वाडीला नाही.

इथे महाराष्ट्राचा एक खरा धागा आहे. सिक्कीम सरकारने २००८ मध्ये ‘धारा विकास’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात झऱ्यांच्या भूजलशास्त्राची बाजू पुण्याच्या ‘अॅक्वाडॅम’ या संस्थेने सांभाळली. त्यांचं म्हणणं सोपं होतं. झऱ्याचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे काही करून उपयोग नाही. खडकाचे थर कोणत्या बाजूला झुकलेत ते बघा, पाणी कुठून मुरतं ती जागा शोधा, कधी कधी ती डोंगराच्या पलीकडच्या उतारावर असते, आणि चर तिथे खणा. सह्याद्रीत खडक वेगळा. बसाल्टचे आडवे थर आणि महाबळेश्वर-पाचगणीसारख्या ठिकाणी माथ्यावर जांभा. पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं, खालच्या घट्ट थराला अडतं आणि कड्याच्या कडेला झऱ्यातून बाहेर पडतं. म्हणून सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट पठारावर, काय बांधलं जातंय याचा खालच्या वाडीच्या मार्च महिन्याशी थेट संबंध आहे. सड्यावर काँक्रीट ओतलं, तर पाऊस कितीही पडो, तो पावसाळ्यातच वाहून जाणार.

तुमच्या गावात झरा असेल तर आजपासून करता येण्यासारखं एक काम सांगतो. दर पंधरा दिवसांनी, शक्यतो सकाळी उपसा सुरू होण्याआधी, माहीत असलेल्या मापाची बादली झऱ्याच्या धारेखाली धरा आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते वहीत तारखेसह लिहा. धार एकत्र येत नसेल तर पन्हळ लावून घ्या. सोबत त्या पंधरवड्याचा पाऊस लिहा, घरचं साधं पर्जन्यमापकही चालेल. ऑक्टोबर ते मे या काळातल्या नोंदी चुकवू नका, पावसाळ्यातली एखादी राहिली तर चालेल. पाऊस थांबल्यावर धार किती वेगाने उतरते, त्यावरून डोंगराच्या पोटात किती साठा आहे ते कळतं. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या, की चर कुठे खणायचे आणि त्यांचा उपयोग झाला की नाही, हे भूजल सर्वेक्षणाच्या माणसाला नेमकं सांगता येईल. नोंदी नसतील तर तो अंदाजच सांगेल.